ताऱ्यांच्या स्फोटांचे मूळ रेडिओ दुर्बिणीने कसे शोधावे: जीएमआरटीवरील कामाचा सविस्तर मार्गदर्शक

ताऱ्याचा स्फोट झाल्यावर दृश्य प्रकाशात जे दिसते, ते प्रामुख्याने बाहेर फेकल्या गेलेल्या तप्त द्रव्याचे तेज असते. रेडिओ लहरींचा उगम मात्र निराळा आहे. सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर वेगाने निघालेले हे द्रव्य ताऱ्याने स्फोटापूर्वी सोडलेल्या वायूवर आदळते, तेथे आघाततरंग निर्माण होतो, चुंबकीय क्षेत्र बळावते, इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशवेगापर्यंत पोचतात आणि त्या क्षेत्रात गिरक्या घेताना सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. त्यामुळे सुपरनोव्हाचा, म्हणजे अशा तारास्फोटाचा, रेडिओ संकेत सर्वांत आधी सांगतो ते आसपासच्या वायूबद्दल: तो किती दाट होता, कोठपर्यंत पसरला होता, आणि ताऱ्याने तो केव्हा सोडला होता. जो तारा आता उरलेलाच नाही, त्याच्या अखेरच्या काळाची नोंद या वायूत राहिलेली असते, आणि ती वाचण्यासाठी रेडिओ दुर्बिणीइतके थेट साधन क्वचितच दुसरे असेल.

पुढील टप्पे मी पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) ही दुर्बीण डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटर विस्तारात पसरलेल्या, अशी ही रचना गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे एनसीआरए, ती चालवते. जगातील कोणताही संशोधक तिच्यावर वेळ मागू शकतो. खगोलशास्त्रात एमएस्सी किंवा पीएचडी करणारा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या मदतीने हे सर्व काम करू शकेल, असे गृहीत धरून मी लिहीत आहे.

पहिला टप्पा: प्रश्न नेमका ठरवणे

‘सुपरनोव्हाचे निरीक्षण करायचे आहे’ हा प्रश्न नव्हे. कोणत्या प्रकारचा स्फोट आहे आणि त्याच्या मुळाबद्दल कोणत्या दोन शक्यतांमध्ये निवड करायची आहे, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे.

मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला स्फोट असेल, तर प्रश्न वस्तुमान-ऱ्हासाचा असतो, म्हणजे मरणापूर्वीच्या वर्षांत किंवा शतकांत ताऱ्याने किती द्रव्य गमावले, आणि ते स्वतःच्या वाऱ्यातून गमावले की जोडीदार ताऱ्याने ओढून घेतले. वर्णपटात हायड्रोजन दिसत असेल तर तो टाइप २. हायड्रोजन गेलेला असेल तर टाइप १बी किंवा १सी. सुरुवातीला थोडासा हायड्रोजन दिसून नंतर नाहीसा झाला तर टाइप २बी.

टाइप १ए हा प्रकार वेगळा, कारण तेथे श्वेतबटूचा, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचा, स्फोट होतो. जोडीदार साधा तारा होता की दुसरा श्वेतबटूच, हा त्यातला जुना वाद आहे. पहिल्या शक्यतेत परिसरात वायू सापडावा, दुसरीत परिसर बहुतांशी स्वच्छ असावा अशी अपेक्षा असते, म्हणून रेडिओ निरीक्षण या वादात थेट कामी येते.

एम१०१ या एकाच दीर्घिकेतील तीन स्फोट नजरेसमोर ठेवले, तर प्रश्न ठरवणे म्हणजे काय ते नीट समजते. तेथील एसएन १९७०जी (एसएन म्हणजे सुपरनोव्हा, पुढे शोधाचे वर्ष) हा रेडिओ लहरींमध्ये सापडलेला पहिला सुपरनोव्हा. त्याच दीर्घिकेत ऑगस्ट २०११ मध्ये एसएन २०११एफई हा टाइप १ए स्फोट झाला आणि त्याच्याकडून रेडिओ लहरींचा मागमूसही लागला नाही. १९ मे २०२३ रोजी जपानचे कोइची इतागाकी यांनी तेथेच एसएन २०२३आयएक्सएफ हा टाइप २ स्फोट शोधला. त्याच्या सुरुवातीच्या रेडिओ निरीक्षणांत, जीएमआरटीच्याही, काही दिसले नाही आणि संकेत मिळाला तो काही आठवड्यांनी. पृथ्वीपासूनचे अंतर तिन्ही वेळी तेच, दोन कोटी प्रकाशवर्षांहून थोडे अधिक. फरक होता तो ताऱ्यांच्या पूर्वायुष्यात.

दुसरा टप्पा: वेळेचे आणि वारंवारतेचे गणित

संपूर्ण आखणी ज्या एका साध्या भागाकारावर उभी राहते, तो आधी करून पाहावा. तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचा वारा सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने वाहतो आणि स्फोटाचा आघाततरंग सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने धावतो. वेगांचे गुणोत्तर १,००० असल्यामुळे स्फोटानंतरच्या एका दिवसात आघाततरंग जेथे पोचतो, तेथला वायू ताऱ्याने सुमारे १,००० दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे आधी सोडलेला असतो. स्फोटानंतर वर्षभराने घेतलेले निरीक्षण हजार वर्षांपूर्वीच्या ताऱ्याबद्दल सांगते. हायड्रोजन गमावलेल्या वुल्फ-रायेत ताऱ्याचा वारा मात्र सेकंदाला १,००० किलोमीटर किंवा त्याहून वेगवान असतो, तेव्हा हे गुणोत्तर दहाच्या आसपास येते आणि वर्षभराचे निरीक्षण दहाएक वर्षेच मागे नेते. प्रश्न स्फोटाच्या लगेच आधीच्या उलथापालथीचा असेल तर पहिल्या काही आठवड्यांची निरीक्षणे अत्यावश्यक आहेत. शतकानुशतकांच्या इतिहासाचा असेल तर वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागेल.

दुसरी बाब वारंवारतेची. सुरुवातीला परिसर दाट असल्यामुळे कमी वारंवारतेच्या लहरी आतच शोषल्या जातात. हे शोषण दोन मार्गांनी होते: आघाततरंगाच्या पुढच्या आयनीभूत वायूत मुक्त इलेक्ट्रॉनांकडून, किंवा प्रारण सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडूनच, ज्याला सिंक्रोट्रॉन स्वशोषण म्हणतात. परिणामी संकेत आधी उच्च वारंवारतेवर शिखर गाठतो आणि मग ते शिखर खाली सरकत जाते. स्वशोषणाच्या सोप्या प्रारूपात शिखराची वारंवारता साधारणपणे काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एखाद्या सुपरनोव्हाने ४० व्या दिवशी ५ गिगाहर्ट्झवर शिखर गाठले, तर १.२५ गिगाहर्ट्झवरील शिखर १६० व्या दिवसाच्या सुमारास, ६५० मेगाहर्ट्झवरील ३०० व्या दिवसाच्या पुढे आणि ४०० मेगाहर्ट्झवरील ५०० व्या दिवसाच्या आसपास येईल.

सुधारित जीएमआरटीचे बँड ३ (२५० ते ५०० मेगाहर्ट्झ), बँड ४ (५५० ते ८५०) आणि बँड ५ (१,०५० ते १,४५०) या हिशेबात नेमके बसतात. पहिल्या आठवड्यात बँड ३ वर वेळ मागणे हे बहुतेक स्फोटांबाबत वेळ वाया घालवणे आहे; तेव्हा बँड ५ पुरे, आणि त्याच्या जोडीला अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीची उच्च वारंवारतेची निरीक्षणे मिळाली तर उत्तमच. पुढे मात्र जीएमआरटीची पाळी येते, आणि माझ्या मते तिचे खरे बळ याच उत्तरार्धात आहे. निरीक्षणांमधील अंतर समान दिवसांचे न ठेवता प्रत्येक वेळी दीडपट-दुप्पट वाढवत न्यावे, कारण बदलाची गतीही तशीच मंदावत जाते.

तिसरा टप्पा: लक्ष्य निवडणे आणि वेळ मिळवणे

नव्या सुपरनोव्हांची अधिकृत नोंद ‘ट्रान्झियंट नेम सर्व्हर’वर होते. तेथून अचूक स्थान, शोधाची तारीख, शेवटचे ‘काही दिसले नाही’ असे निरीक्षण आणि वर्णपटावरून ठरलेला प्रकार या चार गोष्टी टिपून घ्याव्यात. शोधाची तारीख आणि स्फोटाची तारीख यांत गल्लत करू नये. सुरुवातीच्या दिवसांत दोन दिवसांच्या चुकीनेही वेगाचा हिशेब पार कोलमडतो.

स्थान पाहून आधी एवढे ठरवावे की ते दुर्बिणीला दिसते का. जीएमआरटी उणे ५३ अंश क्रांतीच्या (क्रांती म्हणजे आकाशातील अक्षांशासारखे माप) दक्षिणेकडे पाहू शकत नाही. त्यामुळे मोठ्या मॅगेलॅनिक मेघातील विख्यात एसएन १९८७ए तिच्या आवाक्याबाहेर राहतो. अधिक ५४ अंशांवरील एम१०१ मात्र खोडदच्या आकाशात दहा तासांहून अधिक काळ निरीक्षणयोग्य उंचीवर असते.

जीएमआरटीची निरीक्षणवर्षे दोन सत्रांत विभागलेली आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, आणि प्रत्येक सत्रासाठी आधी प्रस्ताव मागवले जातात. स्फोट कधी होणार हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रस्ताव ‘टार्गेट ऑफ ऑपॉर्च्युनिटी’ या प्रकारात द्यावा. त्यात लक्ष्याचे नाव नसते, निकष असतात. उदाहरणार्थ: अमुक मेगापार्सेकच्या (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) आतला, स्फोटानंतर इतक्या दिवसांत वर्गीकरण झालेला, टाइप १बी किंवा १सी. निकष जितके काटेकोर, तितका परीक्षण समितीचा विश्वास अधिक. अगदीच अनपेक्षित काही घडले, तर संचालकांच्या अखत्यारीतील राखीव वेळेसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. प्रस्तावात अपेक्षित संकेत किती मायक्रोजान्स्कीचा (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचे एकक), त्यासाठी किती तास लागतील आणि तेवढ्या वेळात काहीच दिसले नाही तरी कोणती शक्यता बाद होईल, हे तिन्ही आकड्यांनिशी लिहावे. या तिसऱ्या मुद्द्यावर प्रस्ताव तरतो किंवा बुडतो.

चौथा टप्पा: निरीक्षणाची मांडणी

प्रत्येक निरीक्षणाच्या सुरुवातीला आणि शेवटी ३सी२८६, ३सी४८ किंवा ३सी१४७ यांपैकी त्या वेळी आकाशात असलेला प्रमाणित स्रोत घ्यावा. त्यावरून संकेताचे मोजमाप ठरते आणि बँडभरातील प्रतिसाद सुधारता येतो. लक्ष्याच्या जवळचा एखादा तेजस्वी, बिंदुवत स्रोत फेज कॅलिब्रेटर म्हणून, म्हणजे लहरींच्या कलेतील चुका सुधारण्यासाठी, निवडावा आणि लक्ष्यावरील प्रत्येक २५-३० मिनिटांनंतर त्याच्याकडे पाचएक मिनिटे वळावे. कमी वारंवारतेवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा आयनीभूत थर, त्रास देतो, विशेषतः सूर्यास्तानंतरच्या तासांत, हे लक्षात घेऊन बँड ३ च्या वेळा निवडाव्यात. शक्य असेल तर दोन बँडची निरीक्षणे एकाच किंवा लगतच्या दिवशी घ्यावीत, कारण वर्णपटाचा उतार काढायचा तर दोन्ही मोजमापे एकाच अवस्थेतील असावी लागतात.

पाचवा टप्पा: आकड्यांतून प्रतिमा

जीएमआरटीची नोंद एलटीए स्वरूपात मिळते. ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ या आज्ञावलींनी तिचे फिट्स या खगोलशास्त्रातील प्रचलित स्वरूपात रूपांतर करून ती ‘कासा’ या रेडिओ-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअर पॅकेजात उघडावी. एनसीआरएतील शास्त्रज्ञांनी तयार केलेली ‘कॅप्चर’ ही पाइपलाइन, म्हणजे आज्ञांची तयार साखळी, पुढची बहुतेक कामे आपोआप करते, आणि कमी वारंवारतेसाठी ‘स्पॅम’ही बरीच वापरली जाते. तरीही पहिल्या दोन-तीन नोंदींवर सगळे हाताने करावे, असा माझा आग्रह आहे. पाइपलाइन कोठे चुकू शकते हे त्याशिवाय उमगत नाही.

आधी बंद किंवा बिघडलेल्या अँटेना आणि बँडच्या कडांवरील चॅनेल वगळावेत. नंतर मोबाइल मनोरे, उपग्रह आणि वीजवाहिन्यांमुळे आलेला व्यत्यय काढावा. त्यानंतर डिले (संकेत पोचण्यातील विलंब), बँडपास (वारंवारतेनुसार बदलणारा प्रतिसाद) आणि गेन (काळानुसार बदलणारा प्रतिसाद) ही कॅलिब्रेशन क्रमाने करावीत, पुन्हा एकदा व्यत्यय तपासावा आणि मग प्रतिमा तयार करावी. दृश्यक्षेत्र मोठे असल्यामुळे संपूर्ण क्षेत्राची प्रतिमा घेणे आवश्यक असते. क्षेत्राच्या कडेचा एखादा प्रखर स्रोत नीट साफ झाला नाही, तर त्याचे पट्टे थेट लक्ष्यावर येतात. सेल्फ-कॅलिब्रेशनच्या, म्हणजे तयार झालेल्या प्रतिमेचाच आधार घेऊन केलेल्या सुधारणेच्या, तीन-चार फेऱ्या केवळ फेजच्या कराव्यात आणि अखेरीस गरज असेल तरच अँप्लिट्यूडची करावी.

सर्वांत मोठा घोटाळा यजमान दीर्घिकेमुळे होतो. सर्पिल भुजांमध्ये तारे जन्म घेत असतात, तेथून पसरट रेडिओ प्रारण येते आणि सुपरनोव्हाचा संकेत त्यात मिसळतो. त्यावर दोन उपाय आहेत. लांब अंतरावरील अँटेनांच्या जोड्याच वापरून प्रतिमा केली तर पसरट भाग बराचसा गळून पडतो, किंवा स्फोटापूर्वीची त्याच बँडमधील प्रतिमा उपलब्ध असेल तर ती वजा करता येते.

सहावा टप्पा: मोजणे आणि पडताळणे

दृश्य प्रकाशातील स्थानावर बिंदुस्रोत दिसला तर त्यावर गाऊशियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवून संकेताची तीव्रता काढावी. प्रतिमेतील नॉइजच्या जोडीला कॅलिब्रेशनची दहा ते पंधरा टक्के अनिश्चितता, दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून, मिळवावी. काही दिसले नाही तर नॉइजच्या तिप्पट मूल्य ही वरची मर्यादा म्हणून नोंदवावी.

यानंतरची एक तपासणी अनेकजण टाळतात, आणि ती टाळू नये. त्याच प्रतिमेतील, बदल न होणाऱ्या दहा-पंधरा स्रोतांची तीव्रता प्रत्येक तारखेला मोजून शेजारी-शेजारी मांडावी. समजा, तीन तारखांना सुपरनोव्हा १.०, १.२ आणि ०.९ मिलिजान्स्की आला आणि आजूबाजूचे स्रोतही दुसऱ्या तारखेला वीस टक्क्यांनी वर, तिसऱ्या तारखेला दहा टक्क्यांनी खाली गेलेले दिसले, तर सुपरनोव्हात काहीही बदललेले नाही. तो चढउतार कॅलिब्रेशनचा आहे. वायूच्या कवचावर आघाततरंग आदळल्याची घोषणा करण्यापूर्वी हा तक्ता समोर असलाच पाहिजे.

सातवा टप्पा: मोजमापातून ताऱ्यापर्यंत

शिखराची वारंवारता आणि तीव्रता मिळाली की रॉजर शेव्हालिये यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सूत्राने स्वशोषण गृहीत धरून त्रिज्या काढता येते. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जावाटपाचा घातांक ३, इलेक्ट्रॉन व चुंबकीय क्षेत्र यांत ऊर्जेची समान वाटणी आणि गोलाचा निम्मा भाग प्रारण सोडणारा मानला, तर सेंटिमीटरमधील त्रिज्या म्हणजे ८.८ × १०^१५, गुणिले जान्स्कीतील शिखर-तीव्रतेचा ९/१९ वा घात, गुणिले मेगापार्सेकमधील अंतराचा १८/१९ वा घात, भागिले (शिखराची वारंवारता ÷ ५ गिगाहर्ट्झ).

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. २० मेगापार्सेकवरील सुपरनोव्हा ४० व्या दिवशी ५ गिगाहर्ट्झवर १० मिलिजान्स्कीचे शिखर गाठतो. ०.०१ चा ९/१९ वा घात ०.११३, २० चा १८/१९ वा घात १७.१, म्हणून त्रिज्या सुमारे १.७ × १०^१६ सेंटिमीटर, म्हणजे १७ हजार कोटी किलोमीटर. ४० दिवसांचे ३४.५६ लाख सेकंद होतात. भागाकार केल्यावर सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४९ हजार किलोमीटर येतो, प्रकाशवेगाच्या एक-षष्ठांश. त्याच गृहीतकांवरून चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गाऊसच्या आसपास निघते.

हा वेग टाइप १बी किंवा १सी स्फोटाला शोभणारा आहे. उत्तर सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटर आले असते आणि वर्णपटातील वेग मात्र दहा हजारांचा असता, तर स्वशोषणाचे गृहीतकच सोडावे लागले असते. अशा वेळी बाहेरचा दाट वारा संकेत शोषत असतो आणि शोषणाच्या प्रमाणावरून थेट वस्तुमान-ऱ्हासाचा दर काढता येतो. उलट वेग प्रकाशवेगाजवळ गेला, तर मध्यभागी एखादे शक्तिशाली इंजिन, म्हणजे स्फोटाला ऊर्जा पुरवणारा स्रोत, असल्याचा संशय घ्यावा. मूळचे कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसएन १९९८बीडब्ल्यूच्या रेडिओ निरीक्षणांवरून असाच निष्कर्ष काढला आणि त्या स्फोटाचे २५ एप्रिल १९९८ च्या गॅमा किरण स्फोटाशी असलेले नाते बळकट केले. २००९ मधील एसएन २००९बीबीने तर गॅमा किरण स्फोट न दिसताही सुमारे ८५ टक्के प्रकाशवेगाची आघाताची गती दाखवली, आणि ती रेडिओवरूनच कळली.

ऊर्जेची समान वाटणी हे गृहीतक आहे, मोजमाप नव्हे, हे प्रत्येक आकड्याबरोबर लिहावे. ते टाळण्याची संधी क्वचित मिळते. एम८१ मधील एसएन १९९३जेच्या बाबतीत पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी जीएमआरटीची कमी वारंवारतेची आणि व्हीएलएची उच्च वारंवारतेची मोजमापे एकत्र मांडली, तेव्हा ४ गिगाहर्ट्झच्या सुमारास वर्णपट मोडलेला, म्हणजे त्याचा उतार अचानक बदललेला, दिसला. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जाक्षयामुळे पडणाऱ्या त्या मोडीवरून चुंबकीय क्षेत्र समान वाटणीचा आधार न घेता ठरवता आले. याच सुपरनोव्हाचा रेडिओ संकेत सुमारे ३,१०० दिवसांनंतर झपाट्याने ओसरला. दुसऱ्या टप्प्यातील हजारपटीचा हिशेब लावला की ताऱ्याचा वस्तुमान-ऱ्हास स्फोटाच्या सुमारे आठ हजार वर्षे आधी वाढला होता, असे त्यातून निघते.

काहीच न दिसल्यास

एसएन २०११एफई जवळचा होता आणि त्वरित सापडला होता. व्हीएलएने त्याच्याकडे वारंवार पाहिले आणि दर वेळी केवळ मर्यादाच हाती आली. त्या मर्यादांवरून लॉरा चोमियुक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाऱ्याचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर धरला, तर जोडीदाराकडून होणारा वस्तुमान-ऱ्हास वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या ६ × १०^-१० पटीपेक्षा कमी असला पाहिजे. जोरदार वारा सोडणारा तांबडा राक्षसी तारा जोडीदार असण्याची शक्यता त्यामुळे बाद झाली. जानेवारी २०१४ मध्ये एम८२ मध्ये सापडलेल्या एसएन २०१४जेबाबतही तशीच शांतता आढळली.

अशी मर्यादा लिहिताना दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. पहिली, रेडिओवरून मिळते ती घनता, म्हणजे वस्तुमान-ऱ्हास आणि वाऱ्याचा वेग यांचे गुणोत्तर. वेग दहापट धरला की ऱ्हासाची मर्यादाही दहापट सैल होते. दुसरी, आघाताच्या ऊर्जेचा किती भाग चुंबकीय क्षेत्रात जातो हे ०.१ धरले की ०.०१, यावर उत्तर बरेच बदलते. दोन्ही मूल्यांसाठी आलेख द्यावा.

२०२० मधील एसएन २०२०ईवायजे हा टाइप १ए स्फोट मात्र दीडएक वर्षाने ब्रिटनच्या ई-मर्लिन दुर्बिणींना रेडिओ लहरींमध्ये सापडला आणि २०२३ मध्ये ते जाहीर झाले. त्याच्याभोवती हीलियमयुक्त वायू होता, म्हणजे जोडीदार हीलियम तारा असावा. त्यामुळे सुरुवातीला गप्प राहिलेल्या टाइप १ए स्फोटांकडेही एक-दोन वर्षांनी पुन्हा पाहावे, अशी शिफारस मी करतो.

निरीक्षणवेळ हाती नसेल तर

जीएमआरटीच्या जुन्या नोंदी राखीव मुदत संपल्यावर तिच्या ऑनलाइन संग्रहात खुल्या होतात. तेथे नोंदणी करून, गेल्या काही वर्षांतील जवळच्या सुपरनोव्हांची स्थाने एकेक करून शोधावीत. एखाद्या दीर्घिकेकडे दुसऱ्याच कारणासाठी वळवलेली दुर्बीण स्फोटाचे ठिकाणही टिपून गेलेली असू शकते. व्हीएलएचे २०१७ पासून सुरू असलेले ३ गिगाहर्ट्झचे आकाश-सर्वेक्षणही खुले आहे. त्यातच डिलन डाँग आणि सहकाऱ्यांना एका बटू दीर्घिकेत असा स्रोत सापडला, जो जुन्या सर्वेक्षणात नव्हता. पाठपुराव्यानंतर त्यांनी २०२१ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर जोडीदार ताऱ्याच्या गाभ्यात शिरले, आणि त्यातून झालेल्या स्फोटाचे द्रव्य सुमारे तीनशे वर्षांपूर्वी सोडलेल्या वायूवर आदळले.

या पद्धतीने काम करताना प्रत्येक स्थानासाठी तारीख, बँड, नॉइज, मोजमाप किंवा मर्यादा आणि स्फोटापासूनचे दिवस हे पाच रकाने भरत जावेत. बिंदुस्रोत सापडला तर आधी स्फोटापूर्वीच्या सर्वेक्षणांत तो होता का ते पाहावे, मग सहाव्या टप्प्यातील शेजारी स्रोतांचा तक्ता करावा, आणि दोन्हींतून तो टिकला तर त्याच आठवड्यात बँड ४ आणि बँड ५ साठी राखीव वेळेचा अर्ज करावा.